सुलेमानिये, इस्तंबूल: घुमट बघून परत फिरू नका

घाटवळण (धागाकर्ता)

इस्तंबूलला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला. आयासोफिया, समोरची निळी मशीद, तोपकापी राजवाडा, ग्रँड बझारात घासाघीस आणि संध्याकाळी बॉस्फरसची बोट. सुलेमानिये मशीद यादीत असलीच तर तळाशी, 'वेळ उरल्यास' म्हणून. व्यनितून (व्यक्तिगत निरोपांतून) इस्तंबूलची विचारणा होत असते, एकेकाला तेच तेच टंकण्यापेक्षा हा धागा काढतोय. माझा आग्रह एवढाच की सुलेमानियेला गेलात तर मान वर करून घुमटाचा फोटो काढून परत फिरू नका. मशिदीभोवतीचा पसारा बघितला नाही तर पाव सुलेमानिये बघितली म्हणायची.

थोडी पार्श्वभूमी, माहीत असेल त्यांनी उडी मारावी. युरोप ज्याला 'मॅग्निफिसंट' म्हणतो आणि तुर्क 'कानुनी' (कायदे करणारा) म्हणतात तो उस्मानी म्हणजे ऑटोमन सुलतान सुलेमान, राज्यकाळ १५२० ते १५६६. काम १५५० मध्ये सुरू झालं, १५५७ मध्ये मशीद उघडली. जुन्या शहराच्या तिसऱ्या टेकडीवर सुलतानांचा जुना राजवाडा होता, त्याच्या आवारातून ही जागा काढली. त्याच आवाराच्या दुसऱ्या भागात आज इस्तंबूल विद्यापीठ आहे. बांधणारा मिमार सिनान. कायसेरीजवळच्या आग्रनास गावातला ख्रिस्ती घरातला पोरगा, सुलतानाच्या चाकरीसाठी मुलं उचलायच्या पद्धतीत उचलला गेला, जानिसारी म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातला शिपाई झाला, मोहिमांवर पूल बांधता बांधता नावारूपाला आला आणि पन्नाशीच्या आगेमागे राजवास्तुकार. मग १५८८ मध्ये मरेपर्यंत त्याच खुर्चीवर. ज्या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनचे हिशोब मांडायला लागतो त्या वयात या गृहस्थाची खरी कारकीर्द सुरू झाली.

आता पसारा. मशिदीच्या सगळ्या बाजूंनी, टेकडीचा उतार धरून चार मोठे मदरसे, हदीस (प्रेषितांची वचनं) शिकवायची वेगळी शाळा, वैद्यकीचा मदरसा, दवाखाना, लहान पोरांची शाळा, मोठा भटारखाना, वाटसरूंसाठी धर्मशाळा, हमाम आणि दुकानांच्या रांगा. या अख्ख्या संचाला तुर्कीत कुल्लिये म्हणतात. चालायचं कशावर? वक्फावर. गावांचा महसूल आणि दुकानांची भाडी लावून दिलेली, आणि कोणाला किती पगार, मुदपाकखान्यात काय शिजायचं, हे सगळं दानपत्रात लिहून ठेवलेलं. शिकणारे, शिकवणारे, नोकरचाकर, गोरगरीब या सगळ्यांना इथून जेवण. परगावच्या वाटसरूला तीन दिवस राहायला-खायला फुकट, असा रिवाज. ओट्यावरचा सांडशी-झारा धरणाऱ्यापासून हदीसच्या प्राध्यापकापर्यंत सगळे एकाच खातेवहीत.

बघायचं कसं ते सांगतो. मी वेझनेजिलेर मेट्रो स्टेशनकडून जायला सांगेन. तिकडून आलात की आधी लागते ती दुकानांची आणि मदरशांची बाजू. मशिदीच्या दाराकडे लगेच धावू नका. बाहेरच्या मोठ्या अंगणाची भिंत धरून उजवीकडून मागे जा. मागच्या गच्चीवर कठड्याशी उभं राहिलं की खाली हालिच म्हणजे गोल्डन हॉर्नची खाडी, पलीकडे गलाता बुरूज, उजवीकडे बॉस्फरस. फोटो सगळे याचेच काढतात. तुम्ही जरा मान खाली घाला. कठड्याच्या लगेच खाली, उतारावर खालच्या मदरशांची छपरं दिसतात. विद्यार्थ्याच्या प्रत्येक खोलीला एक छोटा घुमट आणि एक धुराडं. खोल्यांची रांग उताराबरोबर खाली सरकत जाते आणि घुमट-धुराडं, घुमट-धुराडं अशी माळ टप्प्याटप्प्याने खाली उतरते. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी हिवाळ्यात ही सगळी धुराडी पेटलेली असताना वरून काय दिसत असेल याचा विचार करा. मला मोठ्या घुमटाइतकीच ही माळ आवडली, जरा जास्तच म्हणा.

मग मशिदीच्या पाठीमागची दफनभूमी. इथे दोन अष्टकोनी समाधी-इमारती आहेत. मोठी सुलेमानाची, लहान त्याची बायको ह्युर्रेमची (मृत्यू १५५८, म्हणजे मशीद उघडल्यावर वर्षभरात). सुलेमान स्वतः १५६६ मध्ये हंगेरीतल्या सिगेतवारच्या वेढ्यात छावणीतच वारला. फौज बिथरू नये म्हणून वजिराने कित्येक आठवडे मृत्यू लपवून ठेवला होता. ह्युर्रेमच्या समाधीत इझनिकच्या (टाइल्ससाठी नावाजलेलं तुर्की गाव) टाइल्सवर बहरलेली झाडं आहेत, ती जवळून बघा. बाहेरच्या थडग्यांवर पुरुषांच्या दगडांना पागोटी किंवा फेज टोप्या कोरलेल्या, बायकांच्या दगडांवर फुलं. पागोट्याच्या तऱ्हेवरून माणूस कुठल्या हुद्द्याचा होता ते जाणकार सांगतात.

आत शिरताना नेहमीचेच नियम: चपला काढून पिशवीत, बायकांनी डोकं झाकायचं, गुडघे-खांदे उघडे नकोत. ओढणी नसेल तर दारात मिळते. तिकीट नाही. पर्यटकांसाठी मागे लाकडी कठडा घातलाय, त्याच्या पुढचा भाग नमाज पढणाऱ्यांचा. आत पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. घुमटाचा व्यास सुमारे साडेसव्वीस मीटर, उंची सुमारे त्रेपन्न, म्हणजे व्यासाच्या दुप्पट. आणि एवढ्या उंच पोकळीत दिव्यांची भली मोठी कडी मात्र साखळ्यांनी पार खाली आणलेली, हात वर केला तर जेमतेम लागणार नाही इतकी. पूर्वी या कड्यांत तेलाचे दिवे असत, आता बल्ब. खाली बसलं की ही कडीच छतासारखी वाटते आणि खरं छत वर कुठेतरी राहतं.

फोटो प्रतिसादांत टाकतो, इथे चढत नाहीयेत.

केळफूल

वाचतेय! गेल्याच आठवड्यात तिकिटं काढलीत, अगदी वेळेवर आलात. दोन शंका. शाकाहाऱ्यांचे काय हाल होतात तिकडे? आणि खाली हालिचकाठच्या एमिन्योन्यूहून चालत जाता येतं असं एका ब्लॉगवर वाचलं, सोबत सासूबाई आहेत.

चकवा

लेख छान. पण नेहमीचा प्रश्न विचारतो, रागवू नका. सुलतानाने बांधली, सिनानने बांधली, ठीक. दगड कोणी उचलले? गुलामांनीच ना? त्या दानपत्राचं कौतुक करताना गावांचा महसूल ज्यांच्या कातड्यातून निघाला त्यांचाही एक परिच्छेद हवा होता.

विटामाती

धागाकर्त्याने रचनेबद्दल हात आखडता घेतलाय, म्हणून व्यवसायाने बांधकामवाली असल्याने मी घुसते.

सिनानसमोर आयासोफिया होती, इसवी सन ५३७ ची, सुमारे ३१ मीटरचा घुमट. तिची मूळ कल्पनाच त्याने घेतली: मधे घुमट, पुढे-मागे दोन अर्धघुमट, उरलेल्या दोन बाजूंना मोठ्या कमानी आणि कमानींच्या पोटात खिडक्यांनी भरलेल्या भिंती. फरक बाजूंमध्ये आहे. आयासोफियात बाजूचे भाग खांबांच्या दुमजली रांगांनी मुख्य जागेपासून तोडल्यासारखे वाटतात. इथे बाजूला मोजकेच, लांब-लांब खांब आहेत, त्यामुळे डावीकडून उजवीकडे नजर कुठेही अडत नाही. घाटवळण यांना जो मोकळेपणा जाणवला तो इथून येतो.

घुमटाचा रेटा नुसता खाली येत नाही, बाहेरही ढकलतो. पुढे-मागे तो अर्धघुमट पेलतात. बाजूंना अर्धघुमट नाहीत, तेव्हा तिथे जाडजूड टेकूभिंती (बट्रेस) हव्यातच. त्या नुसत्या बाहेर काढल्या असत्या तर आयासोफियासारखी ठिगळं लावल्यागत इमारत दिसली असती. सिनानने भिंतीची रेघ अशी ओढली की टेकूचा काही भाग आत राहिला, काही बाहेर. आतल्या भागाला सज्जे लावले. बाहेरच्या दोन टेकूंच्या मधल्या जागेत दुमजली कमानींची ओसरी बसवली. त्या ओसरीखाली वजूच्या नळांची रांग आहे. लोक तिथे बसून पाय धुतात आणि आपण एका बट्रेसच्या बगलेत बसलोय याचा कोणाला पत्ताही नसतो. बाजूने बघितल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून 'बाहेरून फिरा' याला +१००.

मिनार चार, अंगणाच्या चार कोपऱ्यांवर. मशिदीला लागून असलेले दोन उंच, तीन-तीन सज्ज्यांचे. पुढचे दोन बुटके, दोन-दोन सज्ज्यांचे. सज्जे एकूण दहा. सुलेमान उस्मानी घराण्यातला दहावा आणि इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा सुलतान, म्हणून चार आणि दहा, असं सांगतात. ते मुद्दाम केलं की नंतर जुळवलं हा वाद चालू द्या. माझ्या दृष्टीने बुटके पुढे आणि उंच मागे ठेवल्याने नजर पायऱ्या चढल्यासारखी घुमटाकडे जाते, तेवढं कारण मला पुरतं.

घाटवळण

@विटामाती, दंडवत. ओसरीखालच्या नळांवर मी बराच वेळ बसलो होतो, बट्रेसचा पत्ता नसणाऱ्यांतलाच एक.

@केळफूल, एमिन्योन्यूहून चढ बराच आहे, गल्ल्या दगडी आणि अरुंद. सासूबाईंना घेऊन नको. वेझनेजिलेर मेट्रो किंवा ट्रामचा बेयाझित स्टॉप धरा, तिथून फारसा चढ नाही. उतरताना मात्र एमिन्योन्यूकडे उतरा, तांब्याची भांडी, दोरखंड, झाडू, लाकडी चमचे विकणाऱ्या गल्ल्यांतून. तो खरा बाजार. ग्रँड बझारापेक्षा मला तोच जास्त भावला.

@चकवा, प्रश्न रास्त आहे, उत्तरही आहे. बांधकामाच्या रोजच्या हिशोबाच्या वह्या शिल्लक आहेत आणि ओमेर ल्युत्फी बार्कान या तुर्की इतिहासकाराने त्या अभ्यासून छापल्या. त्यावरून असं दिसतं की निम्म्याहून जास्त काम रोजंदारीवरच्या मोकळ्या कारागिरांनी केलं. त्यांच्या खालोखाल जानिसारी होण्यासाठी तयार केली जाणारी पोरं. गॅली जहाजांवरचे गुलाम म्हणजे वल्ही मारणारे, त्यांचा वाटा थोडा. कारागिरांत ख्रिस्ती आणि मुसलमान साधारण निम्मे-निम्मे. अर्थात ती 'पोरं' पण स्वखुशीने आलेली नव्हती, सिनान स्वतःच त्या वाटेने आलेला. तेव्हा तुमचा मुद्दा पुसला जात नाही, पण 'गुलामांनी बांधली' हे एका वाक्यात सांगण्यासारखं नाही.

आजोळ_मिरज

वा, छान धागा. आम्हा सांगली-मिरजेकडच्यांना घुमट म्हटलं की आधी विजापूर. गोलघुमट १६५६ चा, म्हणजे सुलेमानियेनंतर सुमारे शंभर वर्षांनी. आतून सुमारे ३८ मीटर, म्हणजे आकारात आपलं विजापूर भारी! पण विटामातीताई, मला पडलेला प्रश्न असा, की गोलघुमटाला अर्धघुमट कुठे आहेत? तो कसा उभा?

आणखी एक गंमत. विजापूरची मुलूखमैदान तोफ ओतली गेली अहमदनगरला, १५४९ साली, निजामशाहीत, आणि ओतणारा कारागीर रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. १५५० ला तिकडे सुलेमानियेचं काम सुरू. म्हणजे त्या काळात तुर्की हुन्नर नगरपर्यंत पोचलेलं होतं. विजापूरला जाऊन तोफेवरचा तो हत्ती गिळणारा सिंहमुखी जबडा बघितला नसेल त्यांनी इस्तंबूलच्या आधी तिकडे जाऊन यावं, स्वस्तातही पडेल.

विटामाती

@आजोळ_मिरज काका, गोलघुमटाची तऱ्हा निराळी. तिथे चौकोनी खोलीच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या कमानी टाकून वरचा घेर आत ओढलाय, म्हणजे घुमट भिंतींच्या काठावर न बसता आतल्या बाजूला बसतो आणि कमानी-भिंतींचं वजन त्याचा रेटा दाबून धरतं. भिंतीही प्रचंड जाड. त्यामुळे मोठा घुमट मिळाला, पण खाली एकच चौकोनी खोली. सुलेमानियेत घुमट लहान, जागा मात्र पुढे-मागे, दोन्ही बगलांना पसरत जाते. दोघांची मागणीच वेगळी होती. एक कबर, दुसरीकडे शुक्रवारी हजारो माणसं एका छपराखाली आणि एका दिशेला तोंड करून हवी होती.

सिनानने आयासोफियाइतका घुमट पुढे एदिर्नेच्या सेलिमियेत घातला, १५६८ ते ७५ च्या दरम्यान. शेहझादे मशीद उमेदवारीतली, सुलेमानिये कारागिरीतली आणि सेलिमिये उस्तादीतली, असं त्याने स्वतः म्हटल्याचं सांगतात.

बर्लिनकर_ताई

आमच्या इमारतीत दोन तुर्की कुटुंबं आहेत, त्यांच्याकडून सुलेमानियेच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात की बघायला गेले तेव्हा गाइडची गरजच पडली नाही. त्यातल्या दोन सांगते.

पहिली, मशिदीचं काम रखडलं तेव्हा इराणच्या शाह तहमास्पने पेटीभर जवाहीर पाठवलं, 'पैसे संपले असतील तर घ्या' असं खिजवायला. सुलेमानाने ते सगळं कुटून एका मिनाराच्या चुन्यात घालायला लावलं. म्हणून त्या मिनाराला जवाहिराचा मिनार म्हणतात.

दुसरी, चुगलखोरांनी सुलतानाला सांगितलं की सिनान काम सोडून मशिदीत बसून हुक्का ओढतोय. सुलतान तणतणत आला. बघतो तर सिनान घुमटाखाली हुक्का घेऊन बसलाय खरा, पण चिलमीत तंबाखूच नाही. पाण्याचा बुडबुड आवाज घुमटात कसा फिरतो ते ऐकत होता म्हणे.

चकवा

दुसऱ्या गोष्टीत एक गोम आहे. तंबाखू उस्मानी मुलखात आला १६०० च्या आसपास. १५५० च्या दशकात तंबाखूचा हुक्काच नव्हता, मग चुगली कसली आणि 'तंबाखू नाही' याचं नवल कसलं? गोष्ट नंतर कोणीतरी रचलेली आहे.

पहिली मात्र खोटी असली तरी चालेल. :)

बर्लिनकर_ताई

तुम्ही ना, आमच्या शेजारच्या आजींपुढे हे बोलून दाखवा! बरं, आवाजाचं मात्र खरं आहे. घुमटाच्या बांधकामात मातीचे पोकळ घट बसवलेत, आवाज घुमून गोंधळ होऊ नये म्हणून.

आणि काजळीचं पण. शेकडो तेलदिवे जळायचे तर भिंती काळ्या व्हायला हव्यात. आतली हवा अशी खेळवली की धूर मुख्य दारावरच्या एका खोलीत जमा व्हायचा आणि तिथली काजळी खरवडून तिची शाई बनायची. दिव्यांच्या कड्यांत शहामृगाची अंडी टांगत, कोळिष्टकं होऊ नयेत म्हणून. शाईचं ऐकल्यावर अहमद कराहिसारी आणि त्याचा चेला हसन चेलेबी यांची भिंतींवरची अक्षरं वेगळ्याच नजरेने बघितली जातात.

किबलाच्या (नमाजात तोंड करायच्या दिशेच्या) भिंतीतल्या रंगीत काचा ज्याच्या हातच्या म्हणतात तो इब्राहिम, टोपणनाव 'सर्होश', म्हणजे दारुडा. मशिदीच्या सगळ्यात पवित्र भिंतीच्या काचा दारुड्या इब्राहिमाच्या! तुर्की लोक हे हसत हसत सांगतात.

केळफूल

दारुडा इब्राहिम आवडला. पण माझा जेवणाचा प्रश्न कोणी घेईना.

घाटवळण

घेतो घेतो. मशिदीच्या समोरच, मदरशांखालच्या जुन्या दुकानांच्या रांगेत एकाला लागून एक खाणावळी आहेत. सगळीकडे एकच मुख्य पदार्थ, कुरु फासुल्ये. पांढरा राजमा, टोमॅटो आणि मिरचीच्या वाटणात लोण्यावर मंद शिजवलेला, सोबत भात, लोणच्यातली मिरची-कोबी आणि आयरान म्हणजे खारं ताक. या रांगेला पूर्वी अफूबाजांचा बाजार म्हणत, कारण इथल्या कॉफीखान्यांत अफूची गोळी मिळायची. आता राजम्याचं व्यसन.

शाकाहारी असाल तर जपून. दिसायला शुद्ध शाकाहारी, पण बऱ्याच ठिकाणी राजमा मांसाच्या रश्शात शिजवतात किंवा मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि भातालाही कोंबडीचं पाणी घातलेलं असू शकतं. 'एतसिझ' म्हणजे बिनमांसाचं. पण तेवढ्यावर थांबू नका, 'एत सुयू वार मी?' म्हणजे मांसाचं पाणी आहे का, हे स्पष्ट विचारा. कडक असाल तर मसूरच्या सूपलाही हाच प्रश्न. नाहीच जमलं तर सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव), चीज, ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी यावर दुपार निघते. फळं सुरेख.

आणि तिथून थोडं चालून वेफा मोहल्ल्यात जा. १८७६ पासूनचं बोझाचं दुकान आहे तिथे. बोझा म्हणजे आंबवलेल्या भरडधान्याचं दाट पेय, वर दालचिनी आणि फुटाणे. आपल्या आंबिलीची गोडसर चुलत बहीण समजा. फुटाणे समोरच्या दुकानातून घ्यायची पद्धत. अतातुर्कने ज्या पेल्यातून बोझा प्यायला तो पेला काचेत ठेवलाय. हे थंडीतलं पेय, ऑक्टोबर ते मार्च खरी मजा.

मधलीसुट्टी

माझा अनुभव जरा वेगळा, म्हणून लिहिते. मी शुक्रवारी सकाळी गेले आणि दारातून परत पाठवलं. शुक्रवारी दुपारची मोठी नमाज उरकेपर्यंत पर्यटकांना सोडत नाहीत. इतर दिवशीही पाचही नमाजांच्या वेळी थांबावं लागतं आणि त्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात, तेव्हा त्या दिवशीचं वेळापत्रक बघूनच निघा. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. तो नुसता 'फ्री एंट्री आहे मॅडम' एवढंच म्हणत राहिला.

तरी आयासोफियाच्या मानाने सुलेमानिये फारच निवांत. तिकडे २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकांना २५ युरो आणि फक्त वरचा सज्जा. इथे फुकट, आणि कठड्याच्या मागे गालिच्यावर हवं तेवढं बसा, कोणी हटकत नाही. एक आजोबा भिंतीला टेकून चक्क पेंगत होते.

चकवा

धागाकर्ते, आता जे दिसतं त्यातलं मूळचं किती? की सगळं रंगरंगोटी?

घाटवळण

दगडी अंग मूळचं. १६६० च्या मोठ्या आगीत होरपळली. एकोणिसाव्या शतकात फोसाती बंधूंनी आतली रंगसजावट युरोपी थाटात केली. हेच दोघे भाऊ १८४७ ते ४९ मध्ये आयासोफियाची दुरुस्ती करत होते. पहिल्या महायुद्धात अंगणात शस्त्रसाठा ठेवला आणि दारूगोळ्याने पेट घेतला. १९५० च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली, मग पुन्हा २००७ ते २०१० मध्ये. म्हणून घुमटाच्या आतली नक्षी बघताना 'सोळावं शतक' म्हणून उसासे टाकू नका.

मूळचं बघायचं तर मिहराबच्या (किबलाच्या भिंतीतला कोनाडा) दोन्ही बाजूंच्या इझनिक टाइल्स बघा. यातला तो उठावदार लाल रंग, बोट फिरवलं तर किंचित उंच लागतो तसा, इझनिकच्या टाइल्सवर मोठ्या कामात प्रथम इथेच आला. एवढ्या मोठ्या मशिदीत टाइल्स फक्त त्या एका भिंतीला, बाकी साधा दगड. पुढे खाली बाजारातल्या रुस्तेम पाशा मशिदीत त्याच सिनानने भिंतीच्या भिंती टाइल्सनी मढवल्या. ती मशीद दुकानांच्या माथ्यावर बांधलीय, खालच्या दुकानांचं भाडं मशिदीला. रुस्तेम पाशा म्हणजे सुलेमानाचा जावई आणि वजीर. जिना अरुंद आहे आणि बाजारातल्या गल्लीत पटकन दिसत नाही. टाइल्ससाठी तिथे जा, जागेसाठी सुलेमानिये.

आतले चार मोठे ग्रॅनाइटचे खांबही बघा. एक अलेक्झांड्रियाहून, एक बालबेकहून आणि दोन इस्तंबूलमधूनच आणले, असं सांगतात. तेव्हा चकवासाहेब, 'मूळचं' म्हणाल तर ते खांब मशिदीहून कितीतरी जुने.

आजोळ_मिरज

मदरशांत आता काय चालतं?

घाटवळण

काका, दोन मदरशांत सुलेमानिये हस्तलिखित ग्रंथालय आहे, १९१८ पासून. इस्लामी हस्तलिखितांच्या जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक, अरबी, फारसी, उस्मानी तुर्की. उंडगायला आत जाता येत नाही, ते अभ्यासकांसाठी. हमाम चालू आहे आणि तिथे जोडप्यांना, कुटुंबांना एकत्र घेतात, हे तुर्कस्तानात विरळा. बाकी काही बंद, काही दुरुस्तीत.

एक राहिलंच. सिनानची कबर आवाराच्या बाहेर आहे, उत्तरेच्या कोपऱ्यावर, दोन रस्ते मिळतात तिथल्या तिकोनी तुकड्यावर. त्याचं घरही तिथेच होतं. टोकाला छोटी पाणपोई, मागे भिंतीत जाळीची खिडकी, तिच्यातून आत संगमरवरी थडगं दिसतं. कबरीवरचा लेख त्याच्या मित्राचा, साई मुस्तफा चेलेबीचा, आणि त्यात ब्युयुकचेकमेजेच्या पुलाचा आवर्जून उल्लेख. एवढ्या मशिदी बांधणाऱ्याच्या थडग्यावर पूल! बहुतेक लोक खाणावळींकडून येतात आणि तसेच जातात, हा कोपरा कोणी वळत नाही.

विटामाती

पुलावरून आठवलं. लांबून सुलेमानिये बघायची तर मेट्रो एम-२ चं हालिच स्टेशन पुलावरच आहे, तिथे उतरा. फलाटाबाहेर पादचारी मार्गावरून टेकडी, घुमट, मिनार सगळं समोर. गंमत म्हणजे याच पुलामुळे सुलेमानियेची आकाशरेषा बिघडते म्हणून युनेस्कोने आक्षेप घेतला होता. मग पुलाच्या तारा धरणाऱ्या मनोऱ्यांची उंची कमी केली आणि २०१४ मध्ये पूल सुरू झाला. इस्तंबूलचा जुना भाग १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझ्या मते अजूनही तारा आड येतातच.

केळफूल

म्हणजे असं ठरलं: सकाळी हालिच स्टेशन, मग वेझनेजिलेर, मागची गच्ची, समाध्या, दुपारच्या नमाजीनंतर आत, मग (चौकशी करून) राजमा, सिनानकाकांची खिडकी आणि एमिन्योन्यूला उतरण. सासूबाई उतरतील का?

घाटवळण

राजमा आधी, आत नंतर. खाणावळींत दुपारी उशिरा गेलात तर पातेली रिकामी. उतरताना सासूबाईंना टॅक्सी करून द्या, फक्त मीटर चालू केलाय ना ते बसायच्या आधी बघा.

चकवा

आता एदिर्नेच्या सेलिमियेचाही धागा येऊ द्या, विटामातीताई आणि तुम्ही मिळून.

घाटवळण

इस्तंबूलहून बसने अडीच-तीन तास, एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे २०२१ पासून मोठी दुरुस्ती काढली होती, तेव्हा कोणी निघणार असेल तर आत परांची किती आहे ते आधी विचारून घ्या. धागा विटामाती काढतील, मी जेवणाचं लिहीन. तिकडे कातरलेल्या कलेजीची तळणी प्रसिद्ध आहे, केळफूल यांनी तो धागा वगळला तरी चालेल.